तज्ज्ञाचं उत्तर बरोबर, पण तो प्रश्न तज्ज्ञाचा होता का?

तांत्रिक वाद दिसला की आपण विज्ञानवाले पटकन म्हणतो, "कोर्टात कशाला जाता? एखादा तटस्थ तज्ज्ञ बसवा, आकडे मांडा, विषय संपला." माझा अभ्यास धरणांतल्या गाळावर आहे, त्यामुळे मीही हेच म्हणायचो. बगलिहारचा निकाल नीट वाचला आणि जरा सावध झालो.

आधी पार्श्वभूमी. १९६० च्या सिंधू जलकरारात भांडणाच्या तीन पायऱ्या आहेत: प्रश्न, मतभेद आणि तंटा. प्रश्न दोन्ही देशांच्या आयोगाने सोडवायचा, मतभेद तटस्थ तज्ज्ञाने आणि तंटा लवाद न्यायालयाने. हा तज्ज्ञ वकील नसतो, इंजिनिअर असतो. चिनाबवरच्या बगलिहार धरणासाठी ही मधली पायरी पहिल्यांदा वापरली गेली. जागतिक बँकेने मे २००५ मध्ये स्विस इंजिनिअर रेमंड लाफित यांना नेमलं; १२ फेब्रुवारी २००७ ला निकाल आला.

यातला चांगला भाग आधी बघा. वीजनिर्मितीसाठी पाणी किती साठवायचं? भारत म्हणाला ३७.५ दलघमी, पाकिस्तान म्हणाला ६.२२. लाफित यांनी ३२.५६ ठरवलं. दोन्ही आकड्यांची सरासरी २१.८६ येते, म्हणजे कुणाला खूश ठेवायला मधोमध कापलेलं नाही, गणित केलेलं आहे. शिवाय भारतालाही धरणाचा माथा दीड मीटर खाली आणि पाणी घेण्याचं तोंड तीन मीटर वर घ्यायला लावलं. इथे तज्ज्ञ खरंच शोभतो.

गडबड गाळापाशी होते. धरणाला खाली दारं ठेवून, पाणी मृत साठ्याच्याही खाली उतरवून गाळ धुऊन काढावा का? लाफित म्हणाले, देखभालीसाठी चालेल, कारण आजचं धरणशास्त्र तेच सांगतं. गाळाचा विद्यार्थी म्हणून मला हे शंभर टक्के पटतं. खालची दारं बंद केलेल्या सलाल धरणाचा जलाशय गाळाने कसा भरला, हे समोरच आहे.

पण करार वाचताना १९६० चं शास्त्र धरायचं की आजचं? हा गाळाचा प्रश्न नाही, अर्थ लावण्याचा आहे. तो निवाडा तांत्रिक उत्तराच्या पोटात गुपचूप बसला होता. २०१३ मध्ये किशनगंगा प्रकरणात लवाद न्यायालयाने उलट सांगितलं: अनपेक्षित आणीबाणी सोडून पाणी इतकं खाली उतरवायचं नाही, आणि बगलिहारचा निकाल बगलिहारपुरताच.

पुढे तर "हा वाद तांत्रिक की कायदेशीर?" हेच भांडण झालं. किशनगंगा आणि रातले प्रकल्पांसाठी २०१६ मध्ये भारताने तज्ज्ञ मागितला, पाकिस्तानने न्यायालय. २०२२ मध्ये बँकेने दोन्ही नेमले!

म्हणून तज्ज्ञ नकोत असं मी म्हणत नाहीये. साठ्याचा आकडा कुठल्याही न्यायाधीशापेक्षा इंजिनिअरनेच काढावा. फक्त तज्ज्ञाच्या हातात काय देतोय ते आधी वेगळं करा. तुमच्या सिनॉप्सिसलाही हेच लागू आहे. संशोधन-प्रश्न लिहिलात की प्रत्येकापुढे खूण करा: हा मोजून सुटेल, की काहीतरी आधी मानल्याशिवाय सुटणारच नाही? दुसऱ्या प्रकारचे प्रश्न लपवू नका. गाईडच्या नजरेतून सुटतील कदाचित, व्हायवात सुटणार नाहीत.