तक्ता काय विचारतो?

पुस्तकाचे परीक्षण होते, नाटकाचे होते; शाळेत डोळे तपासायला येणाऱ्या तक्त्याचे मात्र कोणी करत नाही. ते येथे करून पाहायचे आहे. निमित्त आहे नंदुरबार जिल्ह्यात, धडगावच्या बाजूला, एका आश्रमशाळेत पाहिलेली तपासणी.

आधी तक्त्याचे श्रेय त्याला द्यायला हवे. हर्मन स्नेलेन या डच नेत्रवैद्याने तो १८६२ साली तयार केला. त्यामागची कल्पना साधी आणि पक्की आहे. सहा मीटरवरून निरोगी डोळ्याला जे सर्वांत लहान अक्षर वाचता यावे, ते डोळ्याशी पाच कला (एका अंशाचा बारावा भाग) इतका कोन करते. त्याची उंची भरते सुमारे ८.७ मिलिमीटर. ही ६/६ ची ओळ. शालेय तपासणीत ६/९ ची ओळ सीमा धरण्याची पद्धत आहे. तिचे अक्षर सुमारे १३ मिलिमीटरचे. म्हणजे तक्ता एकच प्रश्न विचारतो: या एका डोळ्याला इतक्या अंतरावरून इतका बारीक तपशील वेगळा ओळखता येतो का? प्रश्न चांगला आहे. आपण तो त्याच्याकडून नीट विचारून घेतो का, हा मुद्दा आहे.

आश्रमशाळेतला तक्ता देवनागरी अक्षरांचा होता. दुपारची वेळ, व्हरांड्यात मुलांची रांग. मागच्यांना पहिल्या तीन ओळी ऐकूनच पाठ झाल्या होत्या. दुसरीतली एक मुलगी 'घ'ला 'ध' आणि 'भ'ला 'म' म्हणाली. तिची घरची भाषा पावरी; या अक्षरांशी ओळख वर्षभराची. वहीत नोंद झाली: दृष्टी कमी. तिच्यामागच्या मुलाने डावा डोळा बोटांनी झाकला, बोटांत चांगली फट ठेवून. त्याने सगळे धडाधड वाचले. नोंद: दृष्टी चांगली.

संध्याकाळी आम्ही पुठ्ठ्यावर इंग्रजी 'ई'च्या आकाराचे चिन्ह काढले. त्याचे दात वर, खाली, डावीकडे, उजवीकडे फिरवायचे आणि मुलाने ती दिशा बोटांनी दाखवायची. याला अक्षरओळख लागत नाही, भाषाही लागत नाही. मुलीने दोन्ही डोळ्यांनी एकही दिशा चुकवली नाही. मुलाचा डावा डोळा या वेळी मीच तळहाताने झाकला, तेव्हा त्याला चार मीटरवरच्या मोठ्या चिन्हाचीही दिशा सांगता येईना. सर्वांत जास्त चकित तोच झाला. जन्मापासून एकाच डोळ्याने काम भागवणाऱ्याला दुसरा कमी आहे हे कळणार कसे?

याला आळशी डोळा म्हणतात. नाव थोडे अन्यायाचे आहे, कारण आळस डोळ्याचा नसतो. एका डोळ्याचा नंबर जास्त असला किंवा तो तिरळा असला, तर त्याची अस्पष्ट किंवा न जुळणारी प्रतिमा मेंदू बाजूला सारू लागतो आणि त्या डोळ्याचे ऐकणे सोडून देतो. ह्यूबेल आणि वीझेल यांनी १९६० च्या दशकात मांजराच्या पिल्लांचा एक डोळा काही आठवडे बंद ठेवून पाहिला. उघडल्यावर डोळा धडधाकट होता, पण मेंदूतल्या बहुतेक पेशी त्याला दाद देत नव्हत्या. मोठ्या मांजरांवर याचा तसा परिणाम झाला नाही. (या दोघांना १९८१ चे नोबेल मिळाले.) मुलांमध्ये ही मुदत बरीच लांब, पण अमर्याद नाही. सात-आठ वर्षांच्या आत चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी हा उपाय उत्तम लागू पडतो; पुढे त्याचा गुण उतरत जातो.

आता आपले पाठ्यपुस्तक पाहा. २०१८ साली आलेल्या दहावीच्या विज्ञानात भिंगांचा पाठ आहे. निकटदृष्टिता, दूरदृष्टिता यांच्या किरणाकृती नेटक्या आहेत. पण त्या पाठात डोळा म्हणजे भिंग आणि पडदा. त्यामागच्या मेंदूला वय आहे, हे तिथे कुठे जाणवत नाही. आणि तो पाठ येतो पंधराव्या वर्षी. हे ज्याच्या उपयोगी पडले असते ते मूल तेव्हा पहिलीत होते. तेव्हा हे त्याला नव्हे, त्याच्या बाईंना माहीत असायला हवे होते. डोके एका बाजूला कलते करून पाहणारे, फळ्याजवळ सरकणारे, शेजारच्याच्या वहीतून उतरवणारे मूल बाईंना रोज दिसते. अशा मुलाला आपण 'मठ्ठ' म्हणून मोकळे होतो, हे कबूल करू या.

तक्ता आणखी एक गोष्ट विचारत नाही. तो उजेडातच टांगला जातो. अ जीवनसत्त्व कमी पडले की पहिली तक्रार अंधुक प्रकाशातली असते, कारण दृष्टिपटलावरच्या दंडपेशींतले रंगद्रव्य याच जीवनसत्त्वापासून बनते. दुपारी ६/६ वाचणारे मूल दिवेलागणीला ताट शोधताना चाचपडू शकते. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर कानाकडच्या बाजूला साबणाच्या फेसासारखा डाग दिसला, तर डॉक्टरकडे न्यायला उशीर करू नये. शहादा-तळोद्याची पपई ट्रक भरभरून बाहेर जाते त्याच जिल्ह्यात हे लिहावे लागते! राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्याच्या पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा यावे अशी योजना आहे, आणि ते येते दिवसा. आश्रमशाळेचे गुरुजी आणि अधीक्षक मात्र मुलांना संध्याकाळीही पाहतात. 'अंधारात ठेचकाळतो का?' हा प्रश्न तेच विचारू शकतात.

त्या मुलाला पुढे नंदुरबारला पाठवले. चष्मा आणि रोज काही तास पट्टी, असे सांगितले गेले. आईवडील ऊसतोडीला गुजरातेत गेलेले, घरी आजी. शेवटी पट्टीची वेळ संध्याकाळच्या अभ्यासाला ठेवली. पहिल्या आठवड्यात त्याने ती तीनदा काढून खिशात घातली. मग वर्गातल्या चौघांनी कागदाच्या पट्ट्या करून आपापल्या डोळ्यांवर लावल्या, तेव्हा त्याची तक्रार थांबली.