हवेतली तलवार

२०१० च्या सप्टेंबरात सोनीचा 'मूव्ह' बाजारात आला आणि नोव्हेंबरात मायक्रोसॉफ्टचा 'किनेक्ट'. दोघांचा नेम एकाच प्रतिस्पर्ध्यावर होता. २००६ मध्ये निन्टेन्डोने 'वी' हा कन्सोल काढला, तेव्हा चित्रांच्या झळाळीवर पैज लावून बसलेल्या या दोन कंपन्या चार वर्षांनी त्याच्याच वाटेने निघाल्या होत्या. त्या हंगामातल्या चर्चेत एकच मोजमाप पुन्हा पुन्हा येई: खेळाडूची हालचाल अधिक अचूक कोण टिपतं? 'मूव्ह'ची शेखी बारकाव्याची, 'किनेक्ट'ची अख्ख्या देहाची, आणि 'वी' बिचारा जुना, ढोबळ. तंत्राची शर्यत म्हणून हे ठीकच होतं. पण गेम ही कला आहे असं मानलं, तर या मोजमापाने हाती फारसं काही लागत नाही. हालचालींच्या गेममधलं जे टिकलं, ते काय टिपायचं नाही हे ज्यांना उमगलं त्यांच्या हातून झालेलं आहे.

'वी'चा रिमोट उघडून पाहिला तर आत विशेष काही नाही. तीन दिशांचा धक्का मोजणारी एक चिप, आणि पुढच्या टोकाला अवरक्त प्रकाश पाहणारा एक छोटा कॅमेरा. टीव्हीवर ठेवायच्या पट्टीला 'सेन्सर बार' म्हणत, पण तिला काहीच जाणवत नसे. तिच्या दोन टोकांना अवरक्त दिवे होते, इतकंच. तिच्या जागी दोन पेटत्या मेणबत्त्या ठेवल्या तरी रिमोटचं काम भागे. निन्टेन्डोची ही जुनी रीत. त्यांचे खेळणी-अभियंता गुनपेई योकोई म्हणत, की जुनं, मुरलेलं, स्वस्त झालेलं तंत्र घ्या आणि त्याला भलत्याच कामाला लावा. म्हणून अमेरिकेत प्लेस्टेशन ३ साठी ४९९ किंवा ५९९ डॉलर मोजावे लागत असताना 'वी' २५० डॉलरला मिळे.

'वी'बरोबर जपान आणि दक्षिण कोरिया सोडून जवळपास सगळीकडे 'वी स्पोर्ट्स' फुकट येई. त्यातला टेनिस नीट पाहण्यासारखा आहे. खेळाडूला धावावं लागत नाही. पडद्यावरची बाहुली आपणहून चेंडूपाशी जाते. आपण फक्त रॅकेट फिरवायची. रॅकेटचा कोन किती, खांदा किती वळला, याचा हिशोब यंत्राकडे जवळपास नसतोच. चेंडू डावीकडे जाणार की उजवीकडे, हे मुख्यतः आपण किती लवकर किंवा उशिरा फिरवली त्यावर ठरतं. म्हणजे टेनिसमधलं सगळं काढून टाकून एकच गोष्ट ठेवली आहे, आणि ती म्हणजे टायमिंग. आणि बाहुल्यांना हातच नाहीत. मुठीच्या जागी एक गोळा, तो धडापासून सुटा, हवेत तरंगणारा. मला हा त्या गेममधला सर्वांत शहाणा निर्णय वाटतो. कोपर कुठे आहे हे यंत्राला माहीत नाही, तर कोपर काढायचंच कशाला? खोटं कोपर दिसलं असतं, तर ते आपल्या खऱ्या कोपरासारखं वाकत नाही हे पहिल्याच फटक्याला डोळ्यांत आलं असतं. आता तिथे मोकळी जागा आहे आणि ती आपण मनाने भरतो.

भरताने नाट्याचे लोकधर्मी आणि नाट्यधर्मी असे दोन धर्म सांगितले. लोकधर्मी म्हणजे जगात घडतं तसं दाखवणं, नाट्यधर्मी म्हणजे संकेताने दाखवणं. तमाशातल्या वगात पात्र रंगमंचावर एक फेरी मारतं आणि दुसऱ्या गावात पोचतं. प्रेक्षकांतून कुणी रस्ता किती मैलांचा होता असं विचारत नाही. 'वी स्पोर्ट्स' याच जातीचा. ३२ लाख मनगटपट्ट्या बदलून द्यायची पाळी निन्टेन्डोवर आली ती हा संकेत फार चांगला वठल्यामुळे. लोक इतके जीव तोडून फटके मारत, की दोरी तुटून रिमोट थेट टीव्हीवर जाऊन आदळे. सोफ्यावर पडून नुसतं मनगट झटकलं तरी तोच फटका बसतो हे कळल्यावरही बरेच जण उभं राहूनच खेळत. यंत्राला त्याची गरज नव्हती, त्यांना होती. या गेमच्या ८ कोटी २९ लाख प्रती गेल्या. बहुतेक कन्सोलबरोबर गेल्या हे खरं, पण वृद्धाश्रमांत बोलिंगच्या स्पर्धा भरल्या त्या फुकट मिळालं म्हणून नव्हे.

काय टिपायचं नाही, हे गुपित मात्र निन्टेन्डोलाही प्रत्येक वेळी सापडलं नाही. 'वी'वर पुढे गेमचा जो लोंढा आला, त्यातल्या बहुतेकांत हालचाल म्हणजे बटणाची जागा. पूर्वी 'बी' दाबलं की पात्र वार करायचं, आता रिमोट हलवला की करतं. वेळ अधिक लागतो, हात दुखतो, मिळत काहीच नाही. 'ट्वायलाइट प्रिन्सेस'मधल्या लिंक या डावखुऱ्या नायकाला बहुतेक खेळाडू उजव्या हाताने रिमोट धरतात म्हणून उजवा केलं गेलं, आणि त्यासाठी गेमचं अख्खं जग आरशात पाहावं तसं उलटवलं. पूर्वेचं पश्चिमेला गेलं. एवढा खटाटोप करून तलवारीचा वार शेवटी एक झटकाच राहिला.

सोनीच्या 'सिक्सॅक्सिस'बद्दल थोडक्यात. प्लेस्टेशन ३ च्या या कंट्रोलरमध्ये कलण्याची जाण होती, आणि हाताला जाणवणारी थरथर काढून टाकलेली होती. थरथरीच्या पेटंटवरून सोनीचा इमर्शन या कंपनीशी कोर्टात वाद चालू होता. म्हणजे हालचालींचा जमाना सुरू होताना सोनीने हाताला उत्तर देणारी एकमेव गोष्टच गमावली. २००७ च्या 'लेअर'मध्ये ड्रॅगनवर बसून उडायचं, आणि कंट्रोलर कलवूनच उडायचं, अशी सक्ती होती. पुढच्या वर्षी कंट्रोलरवरच्या अंगठ्याने फिरवायच्या काठीने उडण्याची सोय अपडेटमधून द्यावी लागली. 'आयटॉय' या साध्या कॅमेऱ्यावर हात हलवून खिडक्या पुसण्याचा खेळ सोनीनेच २००३ मध्ये काढला होता आणि तो जास्त गमतीचा होता, हे लक्षात घेतलं की चीड येते.

२००९ मध्ये निन्टेन्डोने रिमोटला 'मोशनप्लस' जोडला. आता आत जायरोस्कोप होता; मनगट किती अंशांनी फिरलं हे कळत होतं. या अचूकतेची खरी परीक्षा २०११ च्या 'स्कायवर्ड स्वोर्ड'मध्ये झाली. शत्रू ज्या बाजूने अडवेल तिच्या उलट्या बाजूने वार करायचा. मांसाहारी वेल जबडा आडवा उघडते तेव्हा आडवा, उभा उघडते तेव्हा उभा. प्रत्येक मारामारी एक कोडं झाली, आणि कल्पना म्हणून ती सुरेख होती. पण इथे अचूकतेने एक जुनं दुखणं उघडं केलं. खरी तलवार ढालीवर आदळली की थांबते. हातातला रिमोट थांबत नाही. पडद्यावरची तलवार अडलेली, आपला हात केव्हाच पार गेलेला. जितकं अचूक अनुकरण, तितकी ही फारकत ठळक. ढोबळ झटक्याच्या काळात ती कुणाला जाणवत नव्हती, कारण तिथे तलवार आणि हात एक आहेत असा दावाच नव्हता. २०२१ मध्ये हा गेम स्विचवर आला तेव्हा तलवार काठीने चालवायचा पर्याय निन्टेन्डोने स्वतःहून दिला.

'किनेक्ट' ही या लढाईतली सर्वांत मोठी उडी. हातात काहीच नाही. तुम्हीच कंट्रोलर, अशी जाहिरात. इस्रायलच्या प्राइमसेन्स कंपनीचं तंत्र अवरक्त ठिपक्यांची जाळी खोलीवर टाकून प्रत्येक वस्तूचं अंतर काढी, आणि केंब्रिजमधल्या मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांचा प्रोग्राम त्यातून माणसाचा सांगाडा, वीस सांध्यांसकट, क्षणात ओळखे. तंत्र म्हणून हे थक्क करणारं होतं आणि आजही आहे. पहिल्या ६० दिवसांत ८० लाख नग खपले. सर्वांत वेगाने विकलं गेलेलं ग्राहकोपयोगी इलेक्ट्रॉनिक यंत्र म्हणून गिनीज बुकात नोंद झाली. एकट्याने खेळायला त्याच्यासमोर सहा फूट मोकळी जागा लागे, दोघांना आठ. मुंबईच्या वन-रूम-किचनमध्ये त्यासाठी आधी पलंग हलवावा लागणार.

कला म्हणून 'किनेक्ट'ची अडचण वेगळीच होती. गेमचा नायक चालतो. खेळाडूने चालायचं कसं? खोली संपते. गाडीचं चाक धरायचं तर हात हवेत, टेकायला काही नाही, पाच मिनिटांत खांदे भरून येतात. हात हलला आणि पडद्यावर तो हलला यांत जाणवण्याइतका उशीर. २०१२ च्या 'स्टील बटालियन: हेवी आर्मर'ने रणगाड्याच्या आतल्या खटक्या-दांड्या हवेत हात घालून ओढायला लावल्या. ऐन लढाईत दांडी ओढायला जावं आणि भलतंच काही उघडावं! गेमची मूळ कल्पना, कोंदट पोलादी पेटीत बसलेल्या सैनिकांची, वाईट नव्हती. पण लोखंडाचं वजन ज्या कल्पनेचा प्राण आहे, तिच्यासाठी रिकामा हात निवडणं हा समजेचाच दोष.

या यंत्रावर एकच प्रकार खऱ्या अर्थाने फुलला, तो नाचाचा. हार्मोनिक्सचा 'डान्स सेंट्रल' २०१० मध्ये 'किनेक्ट'बरोबरच आला. नाचाला हातात वस्तू लागत नाही, कशाशी टक्कर लागत नाही, खोली ओलांडावी लागत नाही. शिवाय त्याच्या कर्त्यांनी 'वी स्पोर्ट्स'इतकाच धूर्त एक निर्णय घेतला. पडद्यावरचा नर्तक तुमची नक्कल करत नाही. तुम्ही कसेही धडपडा, तो अचूकच नाचतो. तुमचा हात चुकला तर त्याचा हात फक्त लाल होतो. वीस सांधे टिपणारं यंत्र हाताशी असताना तुमचं बेढब अंग तुम्हाला दाखवायचं नाही, याला संयम लागतो. युबीसॉफ्टचा 'जस्ट डान्स' 'वी'वर त्याआधीच निघाला होता आणि तो फक्त रिमोट धरलेल्या हाताकडे पाही. बाकीचं शरीर नाचलं काय आणि न नाचलं काय. दोघांत जास्त चालला आणि आजवर टिकला तो हाच.

'किनेक्ट'चा शेवट गेममुळे झाला नाही. २०१३ मध्ये एक्सबॉक्स वन त्याच्यासकट ४९९ डॉलरला आला, प्लेस्टेशन ४ त्याच्याविना ३९९ ला. त्याच वर्षी अमेरिकी सरकारची पाळत उघड करणारं स्नोडेन प्रकरण बाहेर आलेलं. दिवाणखान्यात सतत डोळे उघडे ठेवणारा कॅमेरा कुणाला हवा होता? वर्षभरात तो वेगळा काढला गेला, २०१७ मध्ये त्याचं उत्पादन थांबलं. त्याच वर्षी आलेल्या आयफोन एक्समध्ये चेहरा ओळखायला ठिपक्यांचं त्याच जातीचं तंत्र होतं. प्राइमसेन्स अॅपलने आधीच विकत घेतली होती.

राहिला 'मूव्ह'. दांडीच्या टोकावर रंग बदलणारा चेंडू, तो कॅमेऱ्याला दिसतो, आणि त्याच्या आकारावरून अंतर कळतं. तिघांत सर्वांत काटेकोर हाच, आणि स्वतःचा म्हणावा असा गेम सोनीला त्याच्यासाठी सुचला नाही. मुंबईच्या ट्राइन गेम्सने त्यावर 'मूव्ह स्ट्रीट क्रिकेट' केला. गल्लीतलं क्रिकेट, हातात दांडी हीच बॅट. विषयाची निवड रास्त. पण चेंडू बॅटच्या मधोमध बसला की हाताला जे कळतं, ते कुठल्याच दांडीत नसतं. 'मूव्ह'चा उत्तम उपयोग केला तो डेन्मार्कच्या एका छोट्या चमूने. 'योहान सेबास्टियन जाऊस्ट'मध्ये पडदाच नाही. सगळे हातात दांडी धरून उभे, बाखचं संगीत चालू. लय संथ असताना दांडी जराही हिसकली तर तुम्ही बाद. लय वाढली की थोडी मोकळीक. आपली दांडी स्थिर ठेवायची आणि दुसऱ्याच्या हाताला धक्का द्यायचा. इथे अडवणारी वस्तू म्हणजे समोरचा माणूस. इतक्या महागड्या शर्यतीतून एवढा निखळ खेळ निघाला, आणि तो कंपन्यांच्या बाहेर निघाला.

आज हालचाल मोडीत निघालेली नाही, तिने आपली जागा ओळखली आहे. 'स्प्लॅटून'मध्ये नेम ढोबळ धरायला काठी आणि बारीक साधायला मनगट, ही विभागणी हाताला इतकी पटते की तिच्याविना खेळणं अवघड होतं. एक्सबॉक्स सिरीज एक्सच्या कंट्रोलरमध्ये मात्र जायरोस्कोप नाही. दुधाने तोंड पोळल्यावर ताकही फुंकून पिण्याचा हा प्रकार. २०१९ च्या 'रिंग फिट अॅडव्हेंचर'ने एक लवचीक कडं हातात दिलं, जे दाबताना खरोखर जोर लागतो. त्याच्या दीड कोटीहून जास्त प्रती गेल्या. आभासी वास्तवात प्रागमधल्या चमूचा 'बीट सेबर' सर्वांच्या पुढे आहे. त्यातली तलवार प्रकाशाची आहे. ती ठोकळ्यातून आरपार जाते आणि तिने तसंच जायचं असतं. हात थांबत नाही ही जी 'स्कायवर्ड स्वोर्ड'ची गोची, तीच इथे नियम झाली.

पुण्या-मुंबईत गेम करणाऱ्या तरुण चमूंना यावरून एक सुचवावंसं वाटतं. जायरोस्कोप असलेला फोन आता बहुतेकांच्या खिशात आहे. 'जस्ट डान्स' तो हातात धरूनच खेळता येतो. आपल्याकडे लेझीम आहे. हलगीची लय, ठरलेली पावलं, वाकणं, उठणं, हात उघडणं-मिटणं, आणि सगळ्यांनी एका ठेक्यात असणं. तिला टक्कर लागत नाही, मोठी खोली लागत नाही. सगळं अंग टिपायच्या भरीस न पडता फक्त हाताचा ठेका ऐकणारा लेझमीचा गेम कुणीतरी करून पाहावा.