अंधार दोन प्रकारचा : तात्सुओ मियाजिमा यांच्या शिल्पातील अनिच्च

जपानी कलेविषयी लिहिताना 'अनित्यता' हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. चेरीचा बहर गळाला, चहाच्या पात्राला तडा गेला, की बुद्धाच्या अनिच्च-सिद्धान्ताचे दर्शन घडले, असे अनेक समीक्षक लिहून मोकळे होतात. पाली वाङ्मयाच्या अभ्यासकास ही समजूत मान्य होण्यासारखी नाही. तिलक्खणात अनिच्च एकटे नाही. दुक्ख आणि अनत्त ही दोन लक्षणे त्याच्या सोबत आहेत. त्या दोहोंना वगळून उरते ती केवळ हळवी सौंदर्यदृष्टी, आणि ती निरुपद्रवी असतेच असे नाही. दुसऱ्या महायुद्धात जपानी राज्यसत्तेने तरुणांना आत्मघातकी हल्ल्यांसाठी पाठविले, तेव्हा गळणाऱ्या चेरीच्या फुलाचीच प्रतिमा त्यांच्यापुढे ठेवण्यात आली होती. अशा हल्ल्यांसाठी बनविलेल्या एका विमानाचे नावही 'ओका', म्हणजे चेरीचे फूल, असे होते. सर्व काही नश्वर आहे, म्हणून तूही मर, असा अनित्यतेचा अर्थ लावता येतो, हे विसरून चालणार नाही.

या पार्श्वभूमीवर तात्सुओ मियाजिमा या शिल्पकाराच्या कार्याचा विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते. १९५७ साली टोकियोत जन्मलेल्या मियाजिमांनी तेथील राष्ट्रीय कला विद्यापीठात शिक्षण घेतले आणि १९८८ च्या व्हेनिस द्वैवार्षिक प्रदर्शनातील 'काळाचा सागर' या कृतीमुळे ते जगापुढे आले. त्यांचे माध्यम दगड नव्हे, लाकूडही नव्हे. एलईडी दिव्यांनी अंक दाखविणारे छोटे इलेक्ट्रॉनिक गणक हे त्यांचे माध्यम होय. प्रत्येक गणक आपापल्या गतीने एक ते नऊ, किंवा नऊ ते एक, असे अंक मोजतो, क्षणभर विझतो आणि पुन्हा मोजू लागतो. शून्य मात्र कधीच उमटत नाही. शून्याच्या जागी अंधार असतो, आणि तो अंधार म्हणजे मृत्यू, असा त्यांचा संकेत आहे.

सांस्कृतिक देवाणघेवाणीची गोष्ट करावयाची तर ती येथूनच सुरू होते. हे अंक मूळचे भारताचे. अरबांच्या मार्फत ते युरोपात गेले आणि तेथून जगभर पसरले. शून्यतेचा विचारही भारताचाच. तो चीन आणि कोरिया या मार्गाने इ. स. च्या सहाव्या शतकात बौद्ध धम्माबरोबर जपानात पोहोचला. दोन भिन्न वाटांनी गेलेल्या या दोन गोष्टी एका जपानी कलावंताच्या गणकात एकत्र येतात; पण भेट होताच शून्याचा अंक बाजूला ठेवला जातो आणि त्याची जागा रिकामी राहते. सांचीच्या शिल्पकारांनी तथागतांची मूर्ती न घडविता रिकामे आसन, बोधिवृक्ष आणि पदचिन्हे कोरली, याची येथे आठवण होते. जे दाखविता येत नाही ते न दाखविणे, ही बौद्ध कलेची फार जुनी रीत आहे.

मियाजिमा आपल्या कलेची तीन तत्त्वे सांगतात : सतत बदलत राहणे, सर्वांशी संबंध जोडणे आणि अखंड चालू राहणे. बौद्ध विचाराचे ऋणही ते मान्य करतात. पहिले तत्त्व म्हणजे अनिच्च आणि दुसरे म्हणजे पटिच्चसमुप्पादाची छाया, हे वाचकांच्या सहज ध्यानात येईल. तिसऱ्या तत्त्वापाशी मात्र आम्ही थबकतो. जे अखंड चालू राहते ते काय? तोच दिवा विझतो आणि तोच पुन्हा पेटतो. मग विझण्याच्या आधी व नंतर टिकून राहणारे एखादे स्थिर द्रव्य आहे, असा याचा अर्थ होत नाही काय? तसे असेल तर हा सस्सतवाद झाला, आणि आत्मा मागील दाराने आत आला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'दि बुद्ध अँड हिज धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात पुनर्जन्माचा प्रश्न आत्म्यास पूर्णपणे बाजूला सारून सोडविला आहे, हे आमच्या वाचकांस सांगण्याची गरज नाही. त्यामुळे ही शंका आमच्या दृष्टीने तांत्रिक नाही, मूलभूत आहे.

या शंकेचे अंशतः समाधान नाओशिमा बेटावरील कृतीत होते. तेथील सुमारे दोनशे वर्षांच्या एका जुन्या घरात १९९८ साली मियाजिमांनी अंधाऱ्या खोलीत उथळ पाण्याखाली १२५ गणक बसविले. प्रत्येक गणकाची गती कलावंताने ठरविली नाही. पाच ते पंचाण्णव वर्षे वयाच्या १२५ रहिवाशांनी प्रत्येकी एका गणकाची गती आपल्या मनाने निश्चित केली. कोणाचा अंक झरझर पळतो, कोणाचा सावकाश सरकतो. ती गती ठरविणारे माणूस एक दिवस राहणार नाही. त्याने ठरविलेली गती मात्र पाण्याखाली चालू राहील. येथे टिकून राहते ते कृत्याचे फळ. कर्ता टिकत नाही. आत्म्याविना कम्म कसे संभवते, या जुन्या प्रश्नाला इतके साधे दृश्य उत्तर आम्हांस आधुनिक कलेत क्वचितच आढळले आहे. बेटावरील सामान्य माणसे येथे प्रेक्षक राहिली नाहीत, सहकर्ती झाली, हेही महत्त्वाचे.

तथापि नाओशिमाच्या पाण्यात दुक्ख नाही. ते येते १९९९ सालच्या 'मेगा डेथ' या कृतीत. व्हेनिसच्या जपानी दालनात मियाजिमांनी भिंतींवर २,४०० निळे गणक लावले. विसाव्या शतकातील सामूहिक संहार हा त्या कृतीचा विषय होता. निळ्या प्रकाशाचे अंक आपापल्या लयीत चमकत असतात. मधूनमधून एखादा विझतो, पुन्हा पेटतो. हा विझणारा एकटा दिवा म्हणजे स्वाभाविक मरण. परंतु प्रेक्षकाच्या नकळत एक छुपा संवेदक कार्यान्वित होतो आणि सर्व दिवे एकाच वेळी मालवतात. दालन काळोखात बुडते. काही काळाने एकेक अंक पुन्हा उमलू लागतो.

आमच्या मते मियाजिमांच्या कलेचे मर्म या दोन अंधारांतील भेदात आहे. एकेक दिवा आपल्या वेळेस विझणे ही अनित्यता आहे. सर्व दिवे एकदम विझणे ही अनित्यता नव्हे. त्यामागे कारण असते, आणि ते कारण माणसाने निर्माण केलेले असते. हिरोशिमा-नागासाकीत जे घडले, त्याला 'जग नश्वर आहे' असे म्हणून निरोप देता येत नाही. दुक्ख आहे एवढे सांगून तथागत थांबले नाहीत. दुक्खाला कारण आहे आणि ते कारण दूर करता येते, हेही त्यांनी सांगितले. प्रेक्षकाच्याच वावरण्याने अंधार व्हावा, ही योजना म्हणून आम्हांस अर्थपूर्ण वाटते. आपले पाऊल कोठे पडले आणि त्याने काय विझले, हे न जाणणे, यालाच अविज्जा म्हणतात.

दोष दाखवावयाचा तर तो असा की, दिवे फार लवकर आणि फार सुंदर रीतीने पुन्हा पेटतात. संहारात मेलेली माणसे परत आली नाहीत. गणकाच्या यंत्रणेतच पुनरागमन बसविलेले असल्याने शोकाला जागा मिळत नाही, सांत्वन मात्र आयते मिळते. ही उणीव कलावंतासही जाणवली असावी, असे त्यांच्या पुढील एका कृतीवरून आम्ही म्हणतो. टोकियोच्या रोप्पोंगी भागात २००३ साली त्यांनी 'काउंटर व्हॉइड' ही सहा भव्य अंकांची कृती रस्त्यालगत उभारली होती. ११ मार्च २०११ रोजी भूकंप व त्सुनामी आली, पाठोपाठ फुकुशिमाची अणुदुर्घटना घडली. आणि १३ मार्च रोजी मियाजिमांनी स्वतः ते अंक बंद केले. ते पुढे अनेक वर्षे बंदच होते. येथे अंधार यंत्राने आणला नाही, माणसाने विचारपूर्वक स्वीकारला. न पेटणारा दिवा पेटलेल्यापेक्षा अधिक बोलला.

परंतु त्यांची सर्वांत बौद्ध कृती आमच्या मते विजेवर चालतच नाही. ९ ऑगस्ट १९४५ रोजी नागासाकीवर अणुबॉम्ब पडला, तेव्हा एक काकी वृक्ष, म्हणजे जपानी तेंभुर्णीच्या जातीचे फळझाड, होरपळूनही जिवंत राहिला. मासायुकी एबिनुमा या वृक्षवैद्याने त्याची शुश्रूषा केली आणि त्याच्या बियांपासून रोपे तयार केली. मियाजिमांनी ती रोपे जगभरच्या मुलांच्या हस्ते लावण्याचा उपक्रम आरंभिला. पहिले रोप १९९६ साली टोकियोतील एका जुन्या प्राथमिक शाळेच्या आवारात लागले. त्यानंतर वीसहून अधिक देशांत ही झाडे लावली गेली. १९९९ साली व्हेनिसच्या त्याच दालनात 'मेगा डेथ' सोबत हा उपक्रमही मांडला होता.

संघमित्तेने बोधिवृक्षाची फांदी सिंहलद्वीपास नेली, अनुराधपुरी तो वृक्ष वाढला. नागपूरच्या दीक्षाभूमीवरील बोधिवृक्षाचे नातेही त्याच अनुराधपुराशी आहे. अशा वृक्षांच्या प्रवासातून धम्माचा प्रवास घडला आहे. काकीच्या रोपात हीच परंपरा आम्हांस दिसते. नवे रोप हे नागासाकीचे जुने झाड नव्हे, आणि त्याहून सर्वस्वी निराळेही नव्हे. नागसेनाने मिलिंदास दिव्याच्या ज्योतीचा दाखला देऊन हेच समजाविले होते. गणक आपोआप पेटतो. रोप आपोआप वाढत नाही. त्याला पाणी घालणारे कोणी तरी लागते. कोणी विसरले तर ते वाळते. अनित्यता येथे सजावट उरत नाही, ती जबाबदारी होते.

बाबासाहेबांनी अनिच्चाचा अर्थ लावताना हेच अधोरेखित केले आहे : जग अनित्य नसते तर काहीच नवे घडू शकले नसते, वाढ आणि परिवर्तन अशक्य झाले असते. ज्या समाजाला त्याची हीन स्थिती सनातन व अटळ आहे असे शतकानुशतके सांगितले गेले, त्याला अनिच्च हा शब्द विलापाचा वाटूच शकत नाही. तो मुक्तीचा वाटतो. जपानमध्ये ज्या शब्दाने तरुणांना मरणास राजी केले, तोच शब्द येथे माणसांना उभे करणारा ठरला. अर्थ शब्दात नसतो, तो कोणत्या हेतूने उच्चारला यात असतो. मियाजिमांच्या निळ्या अंकांपुढे उभे राहणाऱ्याने म्हणूनच दिवा किती सुंदर विझला हे पाहून समाधान मानू नये. तो कोणी विझविला, आणि रोपाला आज पाणी कोण घालणार, हे दोन प्रश्न त्याने सोबत न्यावेत.