निवडणूक वगळली तर: 'गुलाल'मधला विद्यार्थी

अनुराग कश्यप यांच्या 'गुलाल'मधले (२००९) राजपूर काल्पनिक आहे, पण जयपूरच्या विद्यार्थिसंघाच्या निवडणुका पाहिलेल्या माणसाला ते परके वाटणार नाही. कॉलेजच्या जनरल सेक्रेटरीपदासाठी एवढा रक्तपात कोण करील, अशी शंका काहींना येते. मला ती पटत नाही. हनुमान बेनीवाल, प्रतापसिंह खाचरियावास ही माणसे राजस्थान विद्यापीठाच्या विद्यार्थिसंघातूनच विधानसभेत गेली. तिथे पदाचे मोल मोठे आहे.

माझी तक्रार वेगळी आहे. दिलीपसिंह कायदा शिकायला शहरात येतो, आणि त्याच्या शिकण्यात चित्रपटाला काडीचा रस नाही. रॅगिंग होते, रणसाची दोस्ती होते, रणसा मारला जातो, की हा उमेदवार. पुढे किरणच्या प्रेमापोटी तो मिळालेले पदही सोडतो आणि शेवटी जिवानिशी जातो. पियूष मिश्रांची गाणी आणि के. के. मेनन यांचा डुकी बना यांच्या गदारोळात हा मुलगा नुसता ओढला जातो. घरी पैशांची ओढाताण आहे का, नापास झाला तर कोणाला काय तोंड दाखवणार, काही कळत नाही.

मराठी वाचकाला इथे 'कोसला' (१९६३) आठवणारच. पांडुरंग सांगवीकरही गावाकडून पुण्याला येतो, मोठेपणाच्या हौसेने मेसचा कारभार अंगावर घेतो आणि कर्जात रुततो. पण नेमाडे हे वडिलांच्या पैशांच्या हिशेबात सांगतात. त्यामुळे त्याचे अपयश थेट घराच्या उंबऱ्यापर्यंत जाते.

'गुलाल'मध्ये असा एक धागा होता. रॅगिंगमध्ये दिलीपबरोबर अनुजा ही तरुण प्राध्यापिकाही विवस्त्र करून कोंडली जाते. शिकवणारी आणि शिकणारा एकाच खोलीत, सारखेच असहाय. विद्यापीठाबद्दल याहून भेदक दृश्य हिंदी चित्रपटात मी पाहिलेले नाही. नंतर मात्र बंडाच्या गुलालात अनुजा जवळजवळ दिसेनाशी होते. हा चित्रपटाचा खरा दोष.

एक योगायोग. नेमाडे फर्ग्युसनमध्ये शिकले, आणि त्याच फर्ग्युसनचे प्राचार्य राहिलेले गणितज्ञ रँग्लर ग. स. महाजनी १९४७ साली जयपूरच्या या विद्यापीठाचे, तेव्हाच्या राजपुताना विद्यापीठाचे, पहिले कुलगुरू झाले. तिथल्या वर्गांची, ग्रंथालयाची, परीक्षेच्या धास्तीची गोष्ट 'गुलाल'मध्ये शोधू नये.

२०२३ साली राजस्थान सरकारने विद्यार्थिसंघाच्या निवडणुका घेतल्या नाहीत. त्यानंतर हा चित्रपट पुन्हा पाहिला. पांडुरंगाकडून मेस काढून घेतली तरी धाकट्या मनीचा मृत्यू उरतो, वडिलांशी चाललेले भांडण उरते. दिलीपसिंहाकडून निवडणूक काढून घेतली, तर हातात उरते ती फक्त त्याची कॉलेजची फी भरल्याची पावती.