बाटलीतला ढग : प्रयोग चांगला, पण अर्धा

शालेय विज्ञान प्रदर्शनात ‘बाटलीतला ढग’ हमखास असतो. बाटलीत थोडे कोमट पाणी घ्यायचे, विझवलेल्या काडीचा धूर सोडायचा, झाकण लावून बाटली दाबायची आणि एकदम सोडायची. आतली हवा प्रसरण पावून थंड होते आणि धुके दिसते. ‘वाफ थंड झाली की ढग बनतो,’ असे विद्यार्थी सांगतो. मग धूर कशाला? याचे उत्तर बहुधा मिळत नाही. पावसाकडे डोळे लावून बसणाऱ्या धुळ्यासारख्या जिल्ह्यात तरी हा प्रयोग पुरा व्हायला हवा.

पहिली उणीव तुलनेची. शेजारी बिनधुराची बाटली ठेवली, तर तिच्यात धुके फार विरळ दिसते. सी. टी. आर. विल्सन यांनी १८९५ साली केंब्रिजमध्ये हेच काटेकोरपणे केले. तीच हवा पुन्हा पुन्हा प्रसरण पावू देऊन त्यांनी तिच्यातले धूलिकण थेंबांबरोबर खाली बसवले. अशा स्वच्छ हवेत बाष्प संपृक्ततेच्या सुमारे चौपट झाल्याशिवाय थेंब बनेनात. खऱ्या ढगात बाष्प संपृक्ततेपेक्षा सहसा एक टक्काही जास्त नसते. तरी थेंब बनतात, ते कणांच्या आधाराने.

दुसरी उणीव मोजमापाची. बाटलीतली अतिसंपृक्तता किती, हे कळत नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१२ साली महाबळेश्वरला ढगांच्या अभ्यासासाठी प्रयोगशाळा उभारली. तिथे वापरलेल्या केंद्रक-गणकात आतून ओली असलेली उभी नळी असते. तिची भिंत खालच्या बाजूला अधिकाधिक उबदार होत जाते. भिंतीपासून मध्याकडे वाफ उष्णतेपेक्षा लवकर पसरते, त्यामुळे मध्यावरची हवा अतिसंपृक्त होते. तापमानातला फरक बदलून ही अतिसंपृक्तता हवी तेवढी ठेवता येते. कणांवर वाढलेले थेंब प्रकाशाच्या साहाय्याने मोजले जातात.

तिसरी उणीव निष्कर्षाची. धूर जास्त तर धुके दाट. म्हणजे कण जास्त तर पाऊसही जास्त, असा समज होतो. पण तेवढेच पाणी अधिक कणांत वाटले गेले की थेंब बारीक राहतात, आणि बारीक थेंब एकमेकांत सहज मिसळत नाहीत. पावसाच्या एका थेंबासाठी मात्र ढगातले सुमारे दहा लाख थेंब एकत्र यावे लागतात.

धुळे जिल्ह्याचा बराच भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे. ढग न बरसता पुढे सरकले की कृत्रिम पावसाची मागणी होते. ढगात कण ‘पेरायचे’ तर आधीचे किती आणि कसे आहेत, हे विचारायला विद्यार्थ्याने शिकले पाहिजे. त्यासाठी महागडे उपकरण लागत नाही. दुसरी बाटली ठेवावी, आणि धूर कशाला हा प्रश्न शिक्षकांनी आपणहून विचारावा.