'खऱ्या इतिहासा'तील 'आम्ही'

बर्नाल दीआझ देल कास्तीयो याच्या 'नव्या स्पेनच्या विजयाचा खरा इतिहास' या ग्रंथाकडे सामान्यतः दोन परस्परविरोधी दृष्टींनी पाहिले जाते. एका पक्षाला तो साध्या शिपायाची निर्व्याज साक्ष वाटतो. दुसऱ्याला तो बक्षिसासाठी राजदरबारी केलेला प्रदीर्घ अर्ज वाटतो. दोन्ही वाचनांत निवेदकाच्या सर्वनामाकडे दुर्लक्ष होते. या संहितेचे सामर्थ्य आणि तिची मर्यादा या दोहोंचा उगम 'आम्ही' या एका शब्दात आहे, असे येथे सुचवावयाचे आहे.

दीआझ १५१९ मध्ये एर्नान कोर्तेसबरोबर मेक्सिकोच्या किनाऱ्यावर उतरला. १५२१ मध्ये तेनोच्तित्लान पडले. पुढे तो ग्वातेमालात स्थायिक झाला, तेथील नगरमंडळाचा सदस्य झाला आणि उतारवयात त्याने हा ग्रंथ रचला. १५७५ मध्ये हस्तलिखित स्पेनला रवाना झाले. १५८४ मध्ये लेखक वारला. ग्रंथ छापला गेला तो १६३२ मध्ये, माद्रिद येथे.

ग्रंथाच्या शीर्षकातील 'खरा' हे विशेषण वादाचे आहे. कोर्तेसचा धर्मोपदेशक राहिलेल्या फ्रान्सिस्को लोपेस दे गोमारा याचा इतिहास १५५२ मध्ये प्रसिद्ध झाला होता. गोमाराने अमेरिकेच्या भूमीवर कधी पाऊल ठेवले नव्हते. त्याच्या कथनात कर्ता एकच, कोर्तेस. दीआझ या एकवचनी कर्त्याच्या जागी अनेकवचन आणतो. जहाजे निकामी करण्याचा निर्णयही सेनापतीचा एकट्याचा नव्हता, तो आमच्या सल्ल्याने झाला, असे तो बजावतो. मोहिमेतील सोळा घोड्यांची तो एकेक करून नोंद करतो. सोबत्यांच्या नावांची आणि मृत्यूंची यादी देतो. वीरगाथेचे विकेंद्रीकरण म्हणता येईल असे हे कथनतंत्र आहे.

स्पॅनिश भाषेतील 'नोसोत्रोस' या सर्वनामाचा मराठी अनुवाद करताना 'आम्ही' की 'आपण', ही निवड अटळ ठरते. येथे 'आम्ही'च योग्य होय, कारण वाचक तेथे नव्हता, हाच निवेदकाच्या अधिकाराचा आधार आहे. मात्र या सर्वनामाबाहेर केवळ वाचक उभा नाही. कोर्तेसच्या सैन्यात हजारो त्लाश्काल्तेक योद्धे लढले. त्यांच्यावाचून तेनोच्तित्लानचा वेढा संभवत नव्हता. दीआझ त्यांचे शौर्य नाकारीत नाही. त्यांना तो 'आमचे मित्र' म्हणतो. या षष्ठीतच सारे राजकारण आहे: मित्र 'आमचे' असतात, 'आम्ही' नसतात.

या वगळण्यामागे भौतिक हितसंबंध होता. स्थानिक लोकांचे श्रम आणि खंडणी ज्या एन्कोमिएंदा पद्धतीने विजेत्यांना वाटून दिली जाई, तिच्या वारसाहक्कावर १५४२ च्या नव्या कायद्यांनी घाला घातला. दीआझ स्वतः अशा हक्काचा धनी होता. विजेते कोण, या प्रश्नाच्या उत्तरावर त्याच्या मुलाबाळांचे भवितव्य अवलंबून होते. मात्र तेवढ्यावरून त्याची साक्ष खोटी ठरत नाही. हितसंबंध असलेला साक्षीदारही पाहिलेले सांगू शकतो. ती कोणाच्या नावे नोंदली जाते, हा प्रश्न मात्र उरतो.

तो प्रश्न त्लाश्कालाच्या लोकांनीही विचारला होता. १५५२ च्या सुमारास तेथील नगरमंडळाने कापडावर एक मोठी चित्रमालिका रंगवून घेतली. मूळ पट हरवला असला तरी त्याच्या प्रतिकृतींवरून तिचे स्वरूप कळते. त्यात त्लाश्काल्तेक योद्धे स्पॅनिशांच्या खांद्याला खांदा लावून लढताना दिसतात. हाही आपल्या सेवेची आठवण देणारा दावाच आहे, आणि त्यालाही स्वतःचा 'आम्ही' आहे. ज्यांच्याशी ते लढले त्या मेशिकांना या 'आम्ही'तही स्थान नाही.

म्हणून दीआझला प्रामाणिक शिपाई किंवा लबाड अर्जदार ठरविण्यापेक्षा त्याची संहिता या पटासमोर ठेवून वाचणे अधिक फलदायी ठरेल. गोमाराच्या एकवचनाविरुद्ध त्याने पुकारलेले बंड खरे आहे. पण आपल्या अनेकवचनाच्या सीमेवर तो स्वतःच पहारा देत उभा आहे. उपेक्षितांच्या वतीने लिहिल्या गेलेल्या कोणत्याही इतिहासाच्या समीक्षेने ही सीमा प्रथम तपासली पाहिजे.