पंचांनी कुस्ती सोडवली!

आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या गावजत्रांत दुपारी रेवड्यांवर पोरांच्या कुस्त्या लागतात, ऊन कलले की इनामाच्या जोडी सुटतात, आणि शेवटची मोठी कुस्ती पंचांनी मध्येच हात घालून बरोबरीत सोडवली, की चहूकडून एकच गिल्ला होतो : 'निकाली करा!' फुकट पाहणाराचा आवाज त्यात सर्वांत मोठा. लढत थांबवायची कोणी आणि केव्हा, हा प्रश्न त्या गिल्ल्यात बुडून जातो. आणि मल्लविद्येतला अवघड प्रश्न तर तोच आहे.

अहिल्यानगरला २ फेब्रुवारी २०२५ रोजी त्याने उघडउघड तोंड वर काढले. 'महाराष्ट्र केसरी'च्या गादी विभागाच्या अंतिम लढतीत पृथ्वीराज मोहोळ याने शिवराज राक्षे याला चीत केले, असा निर्णय पंचांनी दिला. माझे दोन्ही खांदे टेकलेच नव्हते, चित्रीकरण पाहा, असे राक्षेचे म्हणणे. बोलाचाली वाढली, त्याने पंचांची कॉलर धरली आणि लाथ मारली. त्याच दिवशी मोहोळशी किताबाची लढत चालू असताना, सोळा सेकंद उरले असता महेंद्र गायकवाड पंचांवर नाराज होऊन गादी सोडून गेला. गदा मोहोळला मिळाली. त्या दोघांवर तीन वर्षांची बंदी आली. लाथेला क्षमा नाही, हे सांगायला टीकाकार कशाला हवा? परंतु गावोगावच्या पारांवर चर्चा रंगली ती लाथेची. खांद्यांचा प्रश्न मागे पडला.

गादीवर चीत म्हणजे दोन्ही खांदे एकाच वेळी टेकलेले, आणि पंचाला खात्रीने दिसावेत इतका वेळ दाबून धरलेले. हा 'इतका वेळ' म्हणजे किती, ते पंचाचा डोळा ठरवतो. पश्चिमेकडच्या मुष्टियुद्धात तसे नाही. तिथे १८६७ सालच्या क्वीन्सबरी नियमांनी पडलेल्याला दहा सेकंदांची मुदत दिली. पंच मोठ्याने आकडे मोजतो. पुढे तर असेही ठरले की, गडी लगेच उठला तरी आठापर्यंत मोजायचेच, म्हणजे त्याच्या डोळ्यांत पाहायला अवधी मिळतो. आकडा आला की वाद मिटावा, असे वाटते खरे. पण शिकागोत २२ सप्टेंबर १९२७ रोजी डेम्प्सीने टनीला पाडले आणि नियमाप्रमाणे दूरच्या कोपऱ्यात जायचे सोडून तो तिथेच उभा राहिला. तो हलेपर्यंत पंचाने मोजणी सुरू केली नाही. टनी नऊच्या आकड्याला उठला; प्रत्यक्षात त्याला तेरा-चौदा सेकंद मिळाले होते. लढत त्यानेच जिंकली, आणि ती 'लांब मोजणी' आजही भांडणाचा विषय आहे!

आकडा संपतो तिथे पंचाचे खरे काम सुरू होते. लास व्हेगासला १७ मार्च १९९० रोजी मेल्ड्रिक टेलर गुणांवर पुढे होता. बाराव्या, शेवटच्या फेरीत चावेझने त्याला पाडले. तो उठला, ठीक आहेस का, असे पंच रिचर्ड स्टील यांनी विचारले, धड उत्तर आले नाही, आणि त्यांनी लढत थांबवली. घड्याळात दोन सेकंद उरले होते. दोन सेकंद! टेलरची जिंकत आलेली लढत गेली, आणि स्टील यांच्या वाट्याला शिव्याशाप आले. मी मात्र स्टील यांच्या बाजूचा. याचे कारण न्यूयॉर्कची १९६२ सालची लढत. ग्रिफिथचे ठोसे कोपऱ्यात अडकलेल्या बेनी परेटवर बरसत राहिले, पंचांचा हात मध्ये पडायला उशीर झाला, आणि दहा दिवसांनी परेट मरण पावला. उरलेली सेकंदे परत देता येत नाहीत म्हणून हळहळावे, पण गेलेला माणूस?

म्हणून जिवाशी गाठ असेल तिथे पंचाच्या हाताला हरकत नसावी. खांदा टेकला की नाही, याची गोष्ट निराळी. तिथे मिनिटभर थांबून चित्रीकरण पाहिल्याने कोणाचेही हाड मोडत नाही. उलट दाद मागण्याची वाट बंद असली, तर नियम पुस्तकात असूनही उपयोगी पडत नाही. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचेच पाहा. १९५२ साली हेलसिंकीला जपानच्या इशीशी दमवणारी कुस्ती झाल्यावर त्यांना लगेच सोव्हिएत मल्ल मामेदबेयोव्हपुढे उभे केले. दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विश्रांती द्यावी, असा नियम होता. पण गादीच्या कडेला तो पुढे करणारा एकही भारतीय अधिकारी नव्हता. दमलेले खाशाबा ती कुस्ती हरले, आणि कांस्यपदक घेऊन परतले.